न पडलेला कौल

आधीच सांगून टाकते, मला असल्या गोष्टी आवडत नाहीत. वाचायलाही नाही आणि ऐकायलाही नाही. या सदरात लोक लिहितात ना... विहिरीवरची बाई, आडवाटेवरचा म्हातारा, मागून हाक मारणारं कोणीतरी... ते वाचून मी सरळ म्हणते, एकतर पोट बिघडलं असेल, नाहीतर फेकतोय. माझ्या मैत्रिणी माझ्यासमोर असलं काही बोलतच नाहीत, कारण मी मध्येच "पण का? पण कसं?" करून त्यांच्या गोष्टीची पार वाट लावते.

मी केमिस्ट्री शिकलेय. डोक्यात किडा आहे. एखाद्या गोष्टीचं कारण मिळेपर्यंत मला स्वस्थ बसता येत नाही. हे लिहितानाही दर चार ओळींनी उठून जनेल उघडतेय, बाहेर बघतेय, परत येऊन बसतेय. आई आतून विचारतेय, "काय गो, मुंगयो चावतत काय?"

तर ही गोष्ट रात्रीची नाही, अमावास्येची नाही, कुठल्या पडक्या घरातलीही नाही. भर दुपारी, लखलखीत उजेडात, माझ्या स्वतःच्या लॅबमध्ये घडलेली आहे. माझ्या डोळ्यांसमोर. आणि तिचं कारण मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

आमचं घर पेडणे तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर काका मला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, देवळातले मानकरी. बाबा सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचे. आठवडाभर तिथेच एका खोलीत राहायचे आणि रविवारी घरी यायचे. आई सावंतवाडीकडची. घरात आम्ही तिघंच, काकांचं घर शेजारी.

आणि माझं कॉलेज पणजीपासून थोडं लांब, एका उघड्या पठारावर. नवीन पद्धतीचं लिबरल आर्ट्स कॉलेज. आता हे लिबरल आर्ट्स प्रकरण घरी समजावताना माझ्या तोंडाला फेस आला होता. तिथे केमिस्ट्री मुख्य विषय घेतला तरी सोबत तत्त्वज्ञान, नाटक, इतिहास, असं सगळं शिकावं लागतं. काका म्हणाले, "आर्ट्स कॉलेजात केमिस्ट्री? म्हणजे बाटल्यांची चित्रां काढतत काय?" आई गावभर सांगायची, "आमचा चेडू केमिस्ट्री करता," आणि लोक तिला विचारायचे की मुलगी औषधांचं दुकान कुठे घालणार, म्हापशाला की पेडण्याला.

शेवटच्या वर्षी आमच्याकडे प्रत्येकाला एक मोठा प्रोजेक्ट करावा लागतो. अट एकच... आपला विषय आपण जिथून आलो त्या जागेशी जोडायचा. मी फेणीवर काम करायचं ठरवलं होतं. भाटीत पहिला उतरतो तो उर्राक, मग फेणी, त्यातली रसायनं वगैरे. माझ्या गाईड मॅडम खूश होत्या. माझी लॅब पार्टनर शेरील तर जास्तच खूश होती, तिला वाटत होतं सॅम्पल चाखायला मिळणार.

आणि दिवाळीनंतर बाबांचं आजारपण सुरू झालं.

ट्रकच्या केबिनमध्ये चढताना त्यांना धाप लागायला लागली होती. आधी त्यांनी लपवलं. मग एक दिवस सुर्ल्याला लोडिंगच्या लायनीत गाडी उभी असताना ते स्टिअरिंगवरच वाकून बसले, मागचे ट्रक हॉर्न मारत राहिले. बरोबरच्या ड्रायव्हरांनी उतरवून हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप खराब झालेली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की ऑपरेशन करून झडप बदलायला हवी आणि ती लवकर बदलायला हवी. धोका आहे, पण न करण्यात त्याहून मोठा धोका आहे. तारीखसुद्धा दिली.

बाबा घरी आले, बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, कदेलावर, म्हणजे खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कौल लावूया."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्न असो, घर बांधायचं असो, विहीर खणायची असो, मोठी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय होत नाही. देवाच्या पाषाणाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा पाकळ्या पाणी लावून चिकटवतात. आमच्या देवळात लाल पिटकुळीच्या, म्हणजे एक्झोराच्या. मग गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने सांगतो, हे असं असं आहे, काय करू सांग. आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. मध्ये कोणी हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, जोरात बोलायचंसुद्धा नाही.

मी तिथे होते. खांबाला टेकून उभी होते, पाय सारखे हलत होते. आईने दोनदा डोळे वटारले. गुरवाने विचारलं, ऑपरेशन करायचं का. सगळे म्हणाले "होय म्हाराजा". आणि डावी पाकळी पडली. टपकन.

झालं. विषय संपला.

मी देवळाबाहेर आल्या आल्या आईवर ओरडले, "एका फुलाच्या पाकळीसाठी तू बाबांना मरू देणार?"

"थोबाड फोडीन," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माका हौस आसा काय गो? देवान नाय म्हटल्यान. आणि नाय म्हटलेला आसताना आपण पाठवला आणि काय जाला, तर मी खंय जाव?"

बाबा चपला घालून पुढे चालायला लागले. मला वाटलं ते चिडलेत माझ्यावर.

त्या आठवड्यात मी वेडीपिशी झाले होते. हॉस्टेलात झोप नाही, मेसमध्ये घास उतरत नाही, क्लासमध्ये सर तत्त्वज्ञान शिकवताहेत आणि मी टेबलाखाली गुडघा हलवतेय. माझ्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं... पाषाणाच्या डाव्या अंगाला, अगदी जवळ, समई तेवत होती. समई! म्हणजे डावीकडे ऊब. ऊब म्हणजे पाणी आधी सुकणार. पाणी सुकलं की पाकळीची कड वळते, पकड सुटते आणि ती पडते. यात देव कुठे आला? ही तर पहिल्या वर्षाची केमिस्ट्री आहे!

मी मॅडमकडे जाऊन सांगितलं, फेणी राहू दे, मला पाकळीवर काम करायचंय. ओल्या दगडावर पाकळी का चिकटते आणि का पडते. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "हे प्रोजेक्टसाठी आहे की घरच्यांशी भांडायला?" मी म्हटलं, "दोन्हीसाठी." त्या हसल्या आणि करू दिलं.

दगड कुठून आणायचा? बाबांची सुर्ल्याची खोली रिकामी करायला मी गेले होते. काय होतं तिथे... स्टोव्ह, दोन पातेली, चादर, एक बनियन दोरीवर वाळत घातलेलं तसंच. ते बनियन घडी करताना मला रडूच आलं, मग स्वतःचाच राग आला. परतताना डिचोलीला बस बदलायची होती, तिथे बाजारात एक जण पाटे-वरवंटे विकायला बसला होता. मी त्याच्याकडून टाकी न मारलेला गुळगुळीत काळा पाटा घेतला. एका हातात बाबांचं गाठोडं आणि दुसऱ्या हातात पाटा, अशी मी कॉलेजात पोचले. शेरील म्हणाली, "आता चटणी वाटतलें गो तूं लॅबांत?"

पाटा स्टँडला घट्ट बांधून उभा केला. पिटकुळी तर कॉलेजच्या कुंपणालाच होती. पाणी लावायचं, दोन पाकळ्या चिकटवायच्या आणि बघत राहायचं. पहिल्या दिवशीच माझं म्हणणं खरं निघालं. डावीकडे पंख्याचा वारा सोडला की डावी पडायची. उजवीकडे सोडला की उजवी. हेअर ड्रायर तर त्याहून भारी, शेरील हॉस्टेलातून आपला घेऊन आली होती. पुढे पुढे तर मी सांगायचे "आता उजवी" आणि उजवी पडायची. एकदाही चुकलं नाही. शेरील टाळ्या वाजवायची, म्हणायची, "मस्त! तूंच आतां गुरव!"

ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. हॉस्पिटलातून फोन आला की येणार की नाही ते नक्की कळवा, दुसरे पेशंट थांबलेत. आईने "सांगतो" म्हणून ठेवून दिला. म्हणजे नाहीच.

मी ठरवलं, आता घरी दाखवायचंच. भांडून उपयोग नाही, डोळ्यांनी बघू देत.

शुक्रवारची दुपार होती. लॅबमध्ये मी आणि शेरील. खिडक्यांतून पठारावरचं कडक ऊन आत आलेलं. मी फोन स्टँडवर अडकवून व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे आमचं बाल्कांव दिसलं, बाबा कदेलावर, आई त्यांच्या मागे उभी, हाताला पीठ लागलेलं.

"जेवलंस काय?" आईचा पहिला प्रश्न.

"आई, जेवणाचं नंतर. हे बघ. हा पाटा. या दोन पाकळ्या. देवळातल्यासारख्याच. आता तुम्ही सांगायचं कुठली पाडू, आणि मी तीच पाडून दाखवते."

"ह्या काय पोरखेळ?" आई म्हणाली.

"सांग ना तू! बाबा, तुम्ही सांगा."

बाबा पडद्याकडे जरा वाकले. मग हळूच म्हणाले, "उजवी पाड."

मी पाकळ्या पाण्यात बुडवल्या, चिमट्याने लावल्या. उजवीकडे ड्रायर धरायला शेरील तयार उभी. आणि इथे एक चूक झाली. चूक म्हणायची तर... कोणाची म्हणू? आईने पाकळ्या लागलेल्या बघितल्या आणि सवयीने पिठाचे हात जोडले. डोळे मिटले. आणि बोलायला लागली.

"बा देवा म्हाराजा... आज ह्या लेकरान तुका साद घातल्यान हा. तेचो बापूस आजारी आसा. आमका काय कळना नाय रे. काय ता खरा तूच दाखय..."

"होय म्हाराजा," बाबा म्हणाले. तेही सवयीने.

"आई, हा प्रयोग आहे, गाऱ्हाणं नको!" मी म्हटलं, पण ते घालून झालं होतं. मी शेरीलला खूण केली. ड्रायर सुरू झाला.

उजवी पाकळी पडली नाही.

मला वाटलं पाणी जास्त लागलं असेल. थांबले. कड वळायला लागली, मला बरं वाटलं. आता पडेल. कड पूर्ण वळली, पाकळी सुकली, तिचा लाल रंग काळपट झाला... आणि ती तशीच. डावीसुद्धा तशीच. शेरीलने ड्रायर जवळ आणला. मग दोन्हीकडे फिरवला. पाटा इतका तापला की हात लावला तर चटका बसला. पाकळ्या वाळून कुरकुरीत झाल्या होत्या, नुसत्या एका टोकाला टेकलेल्या दिसत होत्या. खाली काही नाही, पाणी नाही, ओल नाही. उभ्या दगडावर वाळलेली पाकळी कशी राहील? माझ्या सगळ्या प्रयोगांत एकही राहिली नव्हती.

"पंखो लाय," मी शेरीलला म्हटलं. माझ्या तोंडून कोंकणीच निघाली. पंखा पूर्ण सोडला. बाजूच्या टेबलावरचे फिल्टर पेपर उडून गेले. पाकळ्या थरथरत होत्या. हो, थरथरत होत्या, मी स्वतः बघितलं. पण सुटत नव्हत्या.

मी टेबलावर मूठ आपटली. बीकर खणखणले. काही नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं, मी क्लॅम्प सैल केला, पाटा दोन्ही हातांत फडक्याने धरला आणि सरळ उलटा केला, तोंड जमिनीकडे.

फोनमधून आई किंचाळली, "देव उलटो करू नको गो!"

"देव नाहीये हा! पाटा आहे! डिचोलीच्या बाजारातला पाटा आहे!" मी पण ओरडले. आणि पाटा हलवला. जोरात हलवला.

दोन पाकळ्या तशाच लटकत होत्या.

शेरीलने छातीवर क्रूस केला. मी पाटा परत उभा केला. चिमटा उचलला. ओढूनच काढते, काय होतंय बघू... असं माझ्या मनात होतं. मी तोंडाने ते म्हटलं की नाही मला आठवत नाही, पण आई म्हणाली, "हात लावलंस तर माझी शपथ आसा तुका." आणि त्याच वेळी शेरीलने माझं मनगट धरलं. "नाका गो," ती म्हणाली. शेरील, जी आठवडाभर माझ्या पाट्याला चटणीदेव म्हणून चिडवत होती. "प्लीज. हात लायनाका."

मी चिमटा खाली ठेवला.

मी पंखा बंद केला. फोनमध्ये आमच्या मागच्या रस्त्यावरून गेलेल्या मोटारसायकलचा आवाज आला. आई खाली बसली होती, तिचं फक्त डोकं दिसत होतं.

"देव बोलना नाय," ती म्हणाली. "होय नाय, नाय नाय. असा कधी जाला नाय बगा. माझ्या म्हायतीत तरी नाय."

आणि मग बाबा बोलले. ते फोनकडे बघत नव्हते, बाहेर कुठेतरी बघत होते.

"तो आमका सांगूक सांगता."

"म्हणजे?" आई.

"म्हणजे आमीच ठरवूक होया. तेच्यावर घालून चलाचा नाय." मग ते म्हणाले, "अगो, खरा सांगू? त्या दिवशी डावो कौल पडलो तेव्हा माका बरा वाटला. सुटलंय म्हटलंय. माका त्या टेबलार निजाचा नाय होता. छाती फाडतत गो ते. माका भय वाटता."

मी बाबांना दहा चाकी ट्रक घाटात रिव्हर्स घेताना बघितलंय. पावसाळ्यात चिखलात गाडी घसरली तेव्हा लोकांना बाजूला करून एकट्याने ती सरळ केलेली मला माहीत आहे. त्यांच्या तोंडून "भय" हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी नुसतं "बाबा..." म्हटलं. शेरीलने तोंड फिरवून घेतलं.

आई उठली, पिठाचा हात पदराला पुसला आणि बाबांच्या खांद्यावर ठेवला. आमच्या घरात असलं कोणी कोणासमोर करत नाही.

"माका काय भय नाय वाटना?" ती म्हणाली. "रात्रभर तुमचो श्वास मोजतंय मी."

बाबा हसले, थोडेसे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "फोन कर तेंका. येतंय म्हणान सांग."

ऑपरेशनच्या दिवसाचं काय सांगू? त्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी इतकी चालले की एका नर्सने मला हात धरून बसवलं, आणि मी पाचव्या मिनिटाला परत उठले. काका देवळाचा अंगारा घेऊन आले होते. ते माझ्याशी बोलत नव्हते, पण जाताना माझ्या हातात पावभाजीची पुडी ठेवून गेले. आई एका जागी बसून होती, ओठ हलत होते. मधेच मी शेरीलला मेसेज केला, लॅबमध्ये जाऊन बघ. तिने फोटो पाठवला. पाटा तसाच. पाकळ्या तशाच. आतापर्यंत पार काळ्या झालेल्या.

संध्याकाळच्या आधी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की झालं, व्यवस्थित झालं. आई तिथल्या तिथे फरशीवर बसली आणि रडायला लागली. मीही तिच्याजवळ बसून रडले.

आता तुम्ही विचाराल, पाकळ्या त्याच क्षणी पडल्या का? माहीत नाही. हा सिनेमा नाही. बाबा वॉर्डात आले, घरी आले, त्या गडबडीत मी लॅबकडे फिरकलेच नाही. परत गेले तेव्हा पाटा कोपऱ्यात आडवा ठेवलेला होता, स्वच्छ. कोणी काढला, कोणी पुसला, कोणालाच माहीत नव्हतं. मॅडमनाही नाही.

मग मी खुळ्यासारखी कामाला लागले. मॅडम म्हणाल्या, पिटकुळीच्या फुलात गोड रस असतो, तो चिकटला असेल. मुद्दा बरोबर होता. मी रस लावून बघितला, साखरपाणी लावून बघितलं, पाटा तापवून, थंड करून, तेच फूल, त्याच झाडाचं, तशाच उन्हात. पाटा घासून त्यावर काही उरलंय का तेही तपासलं. काही नाही. पाकळ्या प्रत्येक वेळी मुकाट्याने पडल्या. माझा प्रोजेक्ट चांगला झाला, मार्कही चांगले मिळाले, कारण त्या शुक्रवारचा उल्लेख मी त्यात केलाच नाही. "एका वेळी प्रयोग फसला" असं एक वाक्य लिहिलं होतं, तेही नंतर खोडलं. त्या दिवशी फोनवर कॉल चालू होता, त्यामुळे रेकॉर्डिंग नाही. शेरील आहे साक्षीला, पण ती चर्चला जाऊन आली आणि म्हणते, "माका कांय विचारूं नाका, हांव फुडल्या रविवारा इगर्जेंत गेल्यां, पुरे."

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

बाबांचे टाके सुकत आले होते. एका सकाळी पोदेर पाव देऊन गेला, आई आत चहा करत होती, मी बाल्कांवात बाबांच्या शेजारी बसले होते. बाबा पाव चहात बुडवायची वाट बघत होते आणि एकदम हळू आवाजात म्हणाले,

"काय लावलेलंस गो?"

"काय?"

"त्या पाकळ्यांक. गोंद काय लावलेलंस? आईक सांगना नाय मी, भिया नको."

मी हातातला पाव ताटलीत ठेवला.

"मी ड्रायवर मनीस," ते म्हणाले. "ट्यूबीक पंक्चराचा सोल्यूशन लावतत, तसा कायतरी आसतला तुमच्या लॅबात. माका तेव्हाच कळला. पाटो उलटो केलंस ना, तेव्हाच. म्हटलंय, शाब्बास." ते हसायला लागले, मग छाती धरली, टाके दुखले. "हसव नको गो."

"बाबा, पण..."

"ऐक. मी कित्या गेलंय ऑपरेशनाक, म्हायत आसा? देव बोललो नाय म्हणान नाय. ता तुझ्या आईसाठी. मी बगलंय, माझा चेडू देवाकडे खोटा बोलता हा. कित्या? तर बापूस वाचाक होयो म्हणान. देवाचो कौल आडवता हा, आईक फसवता हा. आणि मी, बाप्या मनीस, टेबलार निजाक भितंय? लाज वाटली माका. म्हणान म्हटलंय, जातंय."

त्यांचे डोळे ओले झाले होते. माझेही. आतून आई कप घेऊन येत होती, बांगड्या वाजल्या.

"काय गोंद होतो?" बाबांनी परत विचारलं, घाईघाईने, चोरट्या आवाजात, अगदी माझ्या वयाचे असल्यासारखे.

मी म्हटलं, "लॅबमधला एक होता. खूप कडक."

"वाटलाच माका," बाबा म्हणाले आणि आईकडून कप घेतला.

तेव्हापासून बाबा मला अधूनमधून डोळा मारतात. काका कौलाचा विषय काढतात, तेव्हा तर हमखास. आणि मी हसते. मग उठते, फेऱ्या मारते, जनेल उघडते. कारण काय झालं ते मला माहीत नाही. दगड तोच होता, पाणी तेच होतं, फूल तेच होतं. केमिस्ट्री शिकून माझ्याकडे एवढंच एक उत्तर आहे, आणि ते मला घरात कोणाला देता येत नाही.

गोंद नव्हता, बाबा.